‘स्वतंत्र विद्यार्थी’ कोणास म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेची नागरिक असलेली २० वर्षांची मुलगी आईवडिलांपासून वेगळी राहते, स्वतः कमावते. सरकारी शिक्षणसाहाय्यासाठी अर्ज करताना तिला त्यांचे उत्पन्न दाखवावे लागेल का?

उत्तर : बहुधा लागेल. ‘फाफ्सा’ या केंद्रीय अर्जातील ‘स्वतंत्र विद्यार्थी’, म्हणजे ज्याची गरज ठरवताना पालकांचे उत्पन्न धरले जात नाही असा विद्यार्थी, ही संज्ञा कायद्यानेच ठरलेली असून वयाची २४ वर्षे, विवाह, पदव्युत्तर प्रवेश, सैन्यसेवा, वयाची तेरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर केव्हाही असलेले अनाथपण अशा मोजक्या कारणांनीच ती लागू होते. वेगळे बिऱ्हाड, स्वतःचा पगार किंवा पालकांनी पैसे वा माहिती देण्यास दिलेला नकार पुरेसा ठरत नाही. अशा नुसत्या नकाराच्या प्रसंगी पेल अनुदान, म्हणजे गरजू विद्यार्थ्याला मिळणारे, सहसा परत न करावे लागणारे केंद्रीय साहाय्य, मिळत नाही; फार तर विनाअनुदानित कर्ज, म्हणजे शिकत असतानाही ज्यावर व्याज चढत राहते असे कर्ज, मिळू शकते, आणि स्वकष्टाने शिकणाऱ्यांवर हा उघड अन्याय आहे. मात्र घरी छळ झाला असेल किंवा पालकांनी टाकून दिले असेल, तर महाविद्यालयाचा अर्थसाहाय्य अधिकारी समुपदेशक, समाजसेवक वा वकील यांची लेखी निवेदने पाहून अपवाद करू शकतो. तशी परिस्थिती असल्यास त्या मुलीने अर्जातील ‘असामान्य परिस्थिती’च्या प्रश्नाला होकार द्यावा आणि संकोच न बाळगता त्या अधिकाऱ्याला लवकर भेटावे.