गोधडीचे तुकडे जोडण्यासाठी शिवणयंत्राच्या दोऱ्याची निवड

जुनी लुगडी, धोतरे आणि मुलांचे वापरून विरलेले कपडे यांपासून गोधडी शिवण्याची चाल मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांत फार जुनी आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी व त्याच्या आसपासचा मुलूख कपाशीचा. तेथे पांघरूण, अंथरूण व तान्ह्या मुलाचे दुपटे ह्या तिन्ही गरजा गोधडीने भागत आल्या आहेत. पूर्वी हे सर्व काम हातसुईने होत असे. आता अनेक घरांत व महिला बचत गटांत पायाने चालविण्याची शिवणयंत्रे आली आहेत. त्यामुळे वरच्या थराचे तुकडे यंत्रावर जोडावयाचे आणि सर्व थर एकत्र धरणारा धावदोरा मात्र हाताने घालावयाचा, अशी कामाची वाटणी सोयीची पडते. ह्या लेखात विचार करावयाचा आहे तो फक्त यंत्रावर तुकडे जोडण्याच्या दोऱ्याचा.

दोन-चार धुण्यांनंतर गोधडी टिपेच्या कडेने फाटली, की दोष जुन्या कापडाला दिला जातो. पुष्कळ वेळा तो दोष दोऱ्याचा असतो. आणि दोरा कच्चा म्हणून नव्हे, तर फाजील पक्का म्हणून! ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. गोधडी पाण्याने जड होते, आपण ती दोन्ही बाजूंनी धरून पिळतो, वाळत घालताना ओढतो. हा सारा ताण टिपेवर येतो. दोरा कापडापेक्षा दुबळा असेल तर तो तुटतो व शिवण उसवते. उसवलेली शिवण घटकाभरात पुन्हा घालता येते. दोरा कापडापेक्षा बळकट असेल तर तो तुटत नाही. सुईने पाडलेल्या छिद्रांच्या रांगेवर तो कापडच कापतो. मग तुकड्याला दुमडीपुरतीही कड उरत नाही, आणि तो काढून दुसरा लावण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून नियम असा, की दोरा ज्या कापडात घालावयाचा त्याहून किंचित दुबळा असावा. पोती शिवण्याचा दोरा आणि गोधडीचा दोरा यांची कसोटी एक नव्हे.

कापडाची वर्गवारी आधी

दोरा आणण्यापूर्वी जुन्या कापडांचा ढीग वेगळा करावा. आजकालच्या लुगड्यांत निव्वळ सुती फार थोडी. बरीचशी पॉलिस्टरची किंवा मिश्र धाग्याची असतात. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरावा व ज्योतीला लावावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ करडी राख होते. पॉलिस्टरचा धागा आखडतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची टणक गोळी बनते. सुती तुकड्यांची गोधडी वेगळी व पॉलिस्टरच्या तुकड्यांची वेगळी करणे उत्तम, कारण एकत्र जोडल्यास सुती तुकडे आधी विरतात व गोधडी ठिकठिकाणी उघडी पडते.

सुती तुकड्यांना सुती दोरा लावावा. पॉलिस्टरच्या तुकड्यांना पॉलिस्टरचा बारीक दोरा चालेल. नव्या, दाट विणीच्या कापडालाही तो चालतो. विरलेल्या सुती लुगड्याला मात्र तो लावू नये. मासे धरण्याच्या तंगुसासारखा पारदर्शक नायलॉनचा दोरा गोधडीत कोठेच नको. त्याची टोके बाहेर येऊन टोचतात, आणि दुपट्यात तर ती तान्ह्या मुलाच्या अंगाला लागतात.

सुती दोऱ्यांतही 'मर्सराइज्ड' असा शिक्का असलेला दोरा पसंत करावा. सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढण्याच्या ह्या प्रक्रियेचे पेटंट जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने 1850 मध्ये घेतले. ताण देऊन ही प्रक्रिया केलेला दोरा तुळतुळीत होतो, रंग चांगला धरतो व पुढे कमी आटतो. ह्या शेवटच्या गुणाचे महत्त्व गोधडीत फार आहे. जुने लुगडे शंभर वेळा धुतलेले असते. त्याला जेवढे आटावयाचे तेवढे ते आटून गेलेले असते. नवा दोरा मात्र पहिल्याच धुण्यात आटला, तर सर्व टिपांवर चुण्या पडतात आणि त्या कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत. शंका असल्यास हातभर दोरा मोजून घ्यावा, कढत पाण्यात भिजवून वाळवावा व पुन्हा मोजावा.

हातशिलाईसाठी खळ देऊन चकचकीत केलेला दोरा बाजारात मिळतो. तो यंत्राला लावू नये. त्याची खळ ताणाच्या चकत्यांत घासून साठते, आणि मग टाका एकसारखा पडत नाही.

क्रमांक, पेड व सुई

रिळावरील आकड्यांचा पुष्कळांना घोटाळा होतो. सुताच्या जुन्या पद्धतीत 840 वारांची एक लडी, अशा जितक्या लड्यांचे वजन एक पौंड भरेल तितका त्या सुताचा क्रमांक. म्हणून क्रमांक मोठा तितके सूत बारीक. 50/3 याचा अर्थ 50 क्रमांकाचे तीन पेड एकत्र पिळलेले. 'टेक्स' ही पद्धत याच्या नेमकी उलट आहे. त्यात 1,000 मीटर दोऱ्याचे वजन ग्रॅममध्ये सांगतात, तेव्हा आकडा मोठा तितका दोरा जाड. पॉलिस्टरच्या रिळांवरील 'तिकीट' क्रमांक आणखी वेगळा. सारांश, दोन वेगळ्या जातींच्या दोऱ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. तुकडे जोडण्यासाठी 50/3 च्या जवळपासचा तीनपेडी सुती दोरा साधारणपणे योग्य ठरतो. जाड दोऱ्याने दुमडीत गाठोडे होते, आणि मग हातसुईला त्या ठिकाणी पुढे सरकणे कठीण जाते.

ह्या दोऱ्याला 14 नंबरची सुई घ्यावी. विरलेल्या पातळ कापडाला 11 नंबरची बरी. सुईच्या नेढ्याची परीक्षा सोपी आहे. सुई यंत्रातून काढून वीतभर दोऱ्यात ओवावी व दोरा तिरपा ताणून धरावा. सुई आपल्या वजनाने अलगद घसरत आली तर जोडी जमली. अडकली तर नेढे लहान आहे. बॉबिनमध्येही तोच दोरा भरावा. वर एक व खाली दुसरा घातल्यास ताण जुळत नाही. टाक्यांच्या गाठी कापडाच्या वरच्या बाजूला दिसू लागल्या, तर वरचा ताण जरा सैल करावा.

आता मुख्य परीक्षा. ज्या कापडाची गोधडी करावयाची त्याच्या चार बोटे रुंद दोन पट्ट्या घ्याव्यात. त्या पाव इंच दुमड ठेवून, इंचाला सुमारे 10 टाके धरून जोडाव्यात व दोन्ही हातांनी जोराने ओढाव्यात. दोरा तुटला तर तो दोरा घ्यावा. टिपेच्या छिद्रांवर कापड फाटले तर दोरा बदलावा, किंवा टाके 8 वर आणून पुन्हा पाहावे, कारण दाट टाके म्हणजे अधिक छिद्रे. बचत गटाच्या कार्यकर्तीने ही परीक्षा बैठकीत सर्वांसमोर करून दाखवावी. दहा वेळा सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

रंगाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ज्या गावाच्या नावातच रंगारी आहे त्याला रंगाची पारख कोण शिकविणार! एवढेच सांगावे, की नाना रंगांचे तुकडे असतील तर करडा किंवा मातकट दोरा सर्वांत मिसळून जातो. लाल व काळ्या दोऱ्याचे वळसे ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून, रंग सुटत नाही याची खात्री करून मगच तो वापरावा.

दोरा किती लागेल याचा हिशेब आधी करावा. सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडीला सहा इंची 96 तुकडे लागतात. दुमडीसाठी ते साडेसहा इंचांचे कापावे. लांबीच्या 7 शिवणी प्रत्येकी 6 फूट आणि रुंदीच्या 11 शिवणी प्रत्येकी 4 फूट, म्हणजे एकूण 86 फूट शिवण झाली. यंत्राच्या टाक्यात शिवणीच्या सुमारे तिप्पट दोरा जातो. तो 258 फूट, म्हणजे 86 वार झाला. टोके व तुटफूट धरून 100 वार पुरे. कित्येक दिवसांच्या मेहनतीच्या वस्तूला एवढाच दोरा लागतो. म्हणून स्वस्त, गाठाळ रीळ घेण्यात काटकसर नाही.

देवगावच्या किंवा कन्नडच्या बाजारात रीळ घेताना उन्हात मांडून ठेवलेले घेऊ नये. ऊन व ओल यांनी सुती दोरा बाहेरून चांगला दिसला तरी आतून कुजतो. वीतभर दोरा दोन हातांत धरून एकदम हिसडा द्यावा. तो पटकन तुटला तर वरचे दोन-तीन वार काढून पुन्हा पाहावे, आणि तेथेही तसाच तुटला तर रीळ परत करावे. घरी उरलेली रिळे झाकणाच्या कोरड्या डब्यात, चुलीच्या धुरापासून दूर ठेवावीत, आणि पुढील हंगामात वापरण्यापूर्वी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.