पुरोहिताला दोन नाणी जास्त का?

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ खेळतो, जुन्या नियमांनी. माझा क्लेरिक, म्हणजे पुरोहित, नुकताच नवव्या लेव्हलला पोचला. आता तो गढी बांधून गाव वसवू शकतो म्हणे. पण देवळातला माणूस गावाचा कारभार कसा बघणार? मंत्रांवर की करांवर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : करांवरच. तुमच्या नियमांत त्याचा दरसुद्धा ठरलेला आहे. गॅरी गायगॅक्सने लिहिलेलं ‘प्लेअर्स हँडबुक’ १९७८ साली आलं. त्यात नवव्या लेव्हलच्या पुरोहिताला मठ किंवा गढी बांधायची मुभा आहे, तीही निम्म्या खर्चात, कारण धर्मबंधू मदतीला येतात. आसपासचा मुलूख राक्षस-श्वापदांपासून मोकळा केला आणि तिथे माणसं राहू लागली, की दर महिन्याला माणशी ९ चांदीची नाणी उत्पन्न मिळतं. योद्ध्याने गाव वसवलं तर त्याला मिळतात ७. जादूगाराला ५.

मला या तीन आकड्यांचं फार अप्रूप आहे. हजार वस्तीचं गाव धरा. योद्ध्याच्या हातात महिन्याला ७,००० नाणी पडतात, पुरोहिताच्या ९,०००. या खेळात चांदीच्या २० नाण्यांचं सोन्याचं एक होतं, म्हणजे ३५० मोहरा आणि ४५०. जमीन तीच, माणसंही तीच. मग वरच्या शंभर मोहरा कुठून आल्या? नियमात योद्ध्याच्या उत्पन्नापुढे व्यापार, जकात आणि कर लिहिलेत. पुरोहिताच्या उत्पन्नात व्यापार आणि कर यांच्या जोडीला दशमांश आहे, म्हणजे भाविकाने देवापुढे ठेवलेला वाटा. तलवारवाल्याला जे वसूल करावं लागतं, त्यातलं काही पुरोहिताला लोक आपण होऊन आणून देतात. राज्यकारभारातली एवढी मोठी गोष्ट दोन नाण्यांत बसवली आहे, आणि म्हणून हा नियम मला मनापासून आवडतो.

मंत्रांचाही उपयोग आहेच. दुष्काळात पुरोहित अन्नपाणी निर्माण करतो, चावडीवर कोण खोटं बोलतंय ते ओळखतो. पण एका माणसाचे मंत्र दिवसाला मोजकेच असतात. हजार घागरी रोज भरायच्या तर विहीरच खणावी लागते.

प्रत्यक्ष इतिहासातही असे पुरोहित-राज्यकर्ते होऊन गेले. साल्झबुर्ग १८०३पर्यंत आर्चबिशपच्या सत्तेखाली होतं, मोझार्टने तिथेच चाकरी केली. गोव्यात १६०७ ते १६०९ या काळात आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस हेच पोर्तुगीज भारताचे गव्हर्नरही होते. अंडोरा या चिमुकल्या देशाच्या दोन राष्ट्रप्रमुखांपैकी एक आजही उर्जेलचे बिशप आहेत.

पण गढीचा पाया घालण्याआधी तुम्ही एल्तुरेलची गोष्ट जरूर वाचा. ‘फरगॉटन रेल्म्स’ या याच खेळाच्या जगातलं हे शहर २०१९च्या ‘डिसेंट इनटू अव्हर्नस’ या साहसकथेत येतं. शहरावर पिशाचांचं संकट आलं होतं. तेव्हा थेव्हियस क्रीग या पुरोहिताच्या काळात आकाशात दुसरा सूर्य उगवला. ‘कम्पॅनियन’ हे त्याचं नाव. तो रात्रीही मावळत नसे, त्याच्या उजेडात पिशाचं जळून जात. लोकांनी क्रीगला डोक्यावर घेतलं, राज्य त्याच्या हाती दिलं, शहराच्या रक्षणाच्या शपथा घेतल्या.

तो सूर्य देवाने दिलेला नव्हताच. क्रीगने नरकाच्या पहिल्या थराची स्वामिनी झारिएल हिच्याशी करार केला होता. मुदत ५० वर्षांची. ती संपल्यावर शहर तिचं, आणि त्याच्या रक्षणाची शपथ घेतलेले सगळेही तिचेच. आणि झालंही तसंच. अख्खं एल्तुरेल नरकात ओढलं गेलं. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीलाच जे शिंगवाले टीफलिंग निर्वासित भेटतात, ते याच शहरातले. शहर परत वर आलं, पण त्यांच्या अंगात नरकाचा अंश म्हणून लोकांनी त्यांना हाकलून दिलं. करारावर सही क्रीगची, आणि पोरंबाळं घेऊन रस्त्यावर आले ते हे. ती मुलं बघताना मला आजही कसंतरी होतं.

या गोष्टीत क्रीगने लोकांना लुबाडलं ते कर वाढवून नव्हे. त्याने हात घातला तो त्या वरच्या दोन नाण्यांनाच, लोकांनी न मागता दिलेल्या विश्वासाला. शपथ नुसती श्रद्धेपोटी घेतली जात होती, आणि करारात नेमकं तेच कलम होतं.

तेव्हा पुढच्या रविवारी एक करा. गढीच्या दारात एक कुंभार येऊ द्या. बायको-मुलं, चाक, माती घेऊन तो राहायला आलाय, पण तुमच्या पुरोहिताच्या देवाला तो मानत नाही. गावात मडकी हवीच आहेत. नियमाचं पुस्तक माणशी ९ म्हणतं, त्यात कोण भाविक आणि कोण नाही हे बघत नाही. त्याच्याकडून सात घ्यायची की नऊ, हे तुमच्या पुरोहिताने त्या कुंभाराच्या समोर उभं राहूनच ठरवावं.