पडद्यावरचा आकडा आणि घरातली पोती

सातारा,
आषाढ

चि. राणी,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सवडीने लिहिते आहे. घेवड्याची पेरणी उरकली आणि या वर्षी सगळा माल व्यापाऱ्याच्या काट्यावर न घालता थोडा आपणच वेबसाइटवरून विकायचा, हा तुझा बेत मला मनापासून पटला. दादा नाही म्हणत नाही पण हो सुद्धा म्हणत नाही, असं वहिनी म्हणाली. त्याचं चुकत नाही. इतकी वर्षं पैसे हातात पडल्याशिवाय त्याने पोतं उचलू दिलेलं नाही, आणि तू त्याला न पाहिलेल्या माणसाला माल पाठवायला सांगते आहेस.

वूकॉमर्स निवडलंस ते योग्य केलंस. वर्डप्रेस २००३ सालचं, त्यावर चालणारं हे दुकानाचं प्लगइन वूथीम्सने २०११ मध्ये आणलं, आणि २०१५ मध्ये ते ऑटोमॅटिक कंपनीकडे गेलं. मूळ प्लगइनला पैसे पडत नाहीत. डोमेन, होस्टिंग आणि पेमेंट गेटवेचा कट एवढाच नेमाचा खर्च. गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो, तो भाव ठरवतानाच धर. मोठ्या बाजार-साइटवर माल लावणं सोपं आहे, पण तिथे गिऱ्हाईक त्यांचं राहतं. तुझ्या दुकानात कोणी काय घेतलं, किती घेतलं, पुन्हा कधी आलं, ही वही तुझ्याकडे राहते. पुढच्या हंगामात तिचाच उपयोग होणार आहे.

माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे. पडद्यावर तू जे जे लिहिशील, ते घरात कुणीतरी खरं करून दाखवायचं आहे. साठा, वजन, दिवस, गावाचं नाव, सगळं. प्लगइन एका दुपारी बसतं. ते बसवताना मनात हे असलं की कुठलं बटण कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

साठ्यापासून सुरू कर. तू म्हणालीस, एकाच पानावर अर्धा किलो, एक किलो आणि पाच किलो असे पर्याय ठेवणार. ठेव. पण प्लगइनला किलो कळत नाहीत, नग कळतात. साठा मुख्य वस्तूवर २०० म्हणून टाकलास, तर पाच किलोची पिशवी गेली तरी तो एकानेच कमी होतो आणि अर्ध्या किलोची गेली तरी एकानेच. मग पडद्यावर १५० आणि पोत्यात काहीच नाही, अशी वेळ येते. म्हणून प्रत्येक पर्यायाचा साठा वेगळा ठेव आणि आधी पिशव्या भरून, शिवून, मोजून मगच आकडा टाक. कणगीतल्या मालाचा अंदाज साइटवर लिहायचा नाही. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ऑर्डर येतील, आणि पहिली दोन वर्षं त्याच जास्त येतील. त्या सुद्धा ॲडमिनमध्ये जाऊन हाताने नोंदव. नाहीतर दादाने शेजारच्या पाहुण्याला दिलेली पिशवी साइट ठाण्याच्या बाईंना विकत राहील.

मग पार्सल. घेवडा हा जड आणि तसा स्वस्त माल, त्यामुळे नफा तोट्याचा फैसला भाड्यावर होतो. बहुतेक कुरिअर अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे लावतात. एक किलो घेवडा, वर पिशवी, खोका, टेप धरून वजन हजार ग्रॅमच्या पुढे जातं आणि भाडं दीड किलोचं लागतं. तू वजनाच्या रकान्यात १ लिहिलंस की दर पार्सलमागे एका टप्प्याचे पैसे तुझ्या खिशातून. तेव्हा बांधलेलं पार्सल काट्यावर ठेवून तेच वजन लिही. पोस्टाचा आणि कुरिअरचा दर दोन्ही काढ. खेड्यापाड्यात पोस्ट पोचतं तिथे कुरिअर पोचत नाही. प्लगइनमध्ये शिपिंग झोन करता येतात: पहिला सातारा, सांगली, पुणे, मुंबई या पट्ट्यातल्या पिनकोडचा, दुसरा उरलेल्या महाराष्ट्राचा, तिसरा बाहेरचा. पाच किलोला दर किलोमागे भाडं कमी पडतं, म्हणून मोफत घरपोच द्यायचंच असेल तर ते पाच किलोला आणि फक्त पहिल्या झोनला दे. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला बंद ठेव. माणसाने दार उघडलं नाही की जातानाचं भाडं गेलं आणि परत येतानाचंही. आणि रोज पाठवतो असं लिहू नकोस. आठवड्यातले दोन वार ठरव, ते साइटवर ठळक लिही, आणि त्या वारी काहीही झालं तरी पार्सलं कोरेगावला पोचती कर.

पैशाबाबत एक गोष्ट नीट समजून घे, कारण गिऱ्हाईक इथेच बिथरतं. माणूस यूपीआयने पैसे भरतो आणि तुझ्या पानावर परत न येता ॲप बंद करतो. पैसे गेटवेकडे जमा, पण दुकानाला पत्ता नाही. ऑर्डर ‘पेंडिंग’च राहते. पैसे न आलेली ऑर्डर किती मिनिटं धरून ठेवायची याची सोय प्लगइनमध्ये आहे, मुळात ती ६० मिनिटांवर असते. तासाभराने ऑर्डर आपोआप रद्द, पिशवी पुन्हा विक्रीला, आणि त्या माणसाचे पैसे तुझ्या खात्यात. यावर उपाय वेबहुकचा. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये तुझ्या साइटचा पत्ता वेबहुक म्हणून भरला की गिऱ्हाईक परत आलं नाही तरी गेटवे स्वतः दुकानाला कळवतो. हे केल्याशिवाय दुकान उघडू नकोस. ऑर्डरच्या मेलचंही तसंच. होस्टिंगवरून थेट गेलेले मेल पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात, त्यासाठी एसएमटीपीची मेल-सेवा जोडून घे. आणि साइट वेगवान व्हावी म्हणून कॅशिंगचं प्लगइन टाकशील, तेव्हा कार्ट, चेकआउट आणि खात्याची पानं त्यातून वगळ. एकाची कार्ट दुसऱ्याला दिसणं यापेक्षा मंद साइट परवडली.

फुकट मिळणारी चोरटी ‘प्रीमियम’ प्लगइनं कुणी पेनड्राइव्हवर दिली तर घेऊ नकोस. त्यात काय लपवलेलं असतं ते तुला दिसत नाही आणि लोकांचे पत्ते, फोन तुझ्या भरवशावर आहेत. अपडेट करण्याआधी बॅकअप, आणि दिवाळीच्या तोंडावर अपडेट अजिबात नाही.

आता नावाबद्दल, आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे देऊर, वाठार, पिंपोड्याच्या बाजूला पिकणाऱ्या या पट्टेदार दाण्याचं नाव आता कायद्याने जपलेलं आहे. ते मिळवायला आपल्याच भागातल्या शेतकऱ्यांनी खटपट केली. पण मानांकन मिळालं म्हणून कोरेगावच्या प्रत्येकाने पिशवीवर त्याचा शिक्का मारावा असं नाही. १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. दादाच्या नावावर ती आधी कर. त्याच्या नावाचं ते प्रमाणपत्र आलं की तो हो म्हणेल, असा माझा होरा आहे. आणि एकदा नोंदणी झाली की बाजारातून आणलेला दुसरा राजमा त्यात एक मूठही मिसळायचा नाही. माल संपला तर ‘संपला’ असं लाल अक्षरात दिसू दे. त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

पानावर नुसतं ‘वाघ्या घेवडा’ लिहिलंस तर आपली माणसं ओळखतील, पण बाहेरचा माणूस ‘राजमा’ शोधतो; दोन्ही शब्द घाल. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेव, देवनागरीत ठेवलास तर व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. ‘कोरेगाव, जिल्हा सातारा’ असं पूर्ण लिही, कारण भीमा कोरेगाव आणि पुण्याचं कोरेगाव पार्क लोकांच्या जास्त तोंडात आहे. कुठल्या हंगामाचा माल ते सांग. जुना घेवडा शिजायला वेळ घेतो हे स्वयंपाक करणारीला पहिल्या शिट्टीतच कळतं, तेव्हा लपवून उपयोग नाही. फोटो दिवसाच्या उजेडात काढ: कोरडा दाणा, रात्रभर भिजलेला दाणा, आणि वहिनीची आमटी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हे पिशवीवर हवं; पॅकिंगचा महिना-वर्ष सोडून बाकीचं साइटवरही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पॅक करून लेबल लावलेल्या कडधान्यावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. आपल्या शेतातलं पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीतून सूट असते, पण शेजाऱ्यांचा माल विकत घेऊन विकलास की तू व्यापारी झालीस, आणि करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर नोंदणीचा प्रश्न येतोच. यात अंदाजाने चालू नकोस. साताऱ्यात सीएकडे एकदा जाऊ, मी येते बरोबर.

गिऱ्हाईक कुठून येणार, हा दादाचा खरा प्रश्न. दिल्लीकडचा राजमावाला पहिल्या वर्षी येणार नाही. आपली माणसं येतील. आपल्या जिल्ह्यातून किती घरं माथाडीच्या कामावर मुंबईला गेली. कोपरखैरणे, ऐरोली, घाटकोपरला त्यांची नातवंडं नोकऱ्या करताहेत. गावाकडून घेवडा कुणी आणेल याची वाट बघणारी ती घरं आहेत. त्यांना तुझा दुवा पाठव, आणि एकदा ऑर्डर दिली की त्यांना विसरू नकोस. याचा दाखला जवळच आहे: आपल्याच रेल्वेमार्गावर पुढची किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची, मालाची खबर गिऱ्हाइकांच्या घरी जावी म्हणून काढलेली ती पत्रिका पुढे मराठीतलं मोठं मासिक झाली. आडरानातल्या स्टेशनाजवळ बसून लांबच्या गिऱ्हाइकाशी लिहून नातं जोडता येतं, हे आपल्या भागाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. तू पेरणीला एक, फुलोऱ्याला एक, काढणीला एक अशी तीन छोटी पत्रं मेलवर पाठव. पाऊस लांबला, कीड पडली, तेही लिही. ज्यांनी ‘पाठवा’ म्हटलं असेल त्यांनाच पाठव.

आलं साइटवर टाकायचं का, असं विचारलंस. आत्ता नको. ओलं आलं प्लास्टिकमध्ये बुरशी धरतं, मोकळं ठेवलं तर सुकून वजन घटतं, आणि भाव आठवड्यात इकडचा तिकडे होतो. पानावरचा आकडा तुला रोज बदलावा लागेल. सांगलीची हळद विकत घेऊन ठेवण्याचाही मोह होईल. एक हंगाम फक्त घेवडा. तो नीट पोचू दे.

दसऱ्याआधी माल घरात येईल तेव्हा दुकान लोकांना दाखवण्यापूर्वी पहिली ऑर्डर मी टाकणार आहे, खऱ्या पैशाने, एक किलोची. पैसे भरून मी मुद्दाम ॲप बंद करीन. ऑर्डर तुझ्याकडे ‘प्रोसेसिंग’ दिसते का ते बघ. दुसरी ऑर्डर टाकून ती मी रद्द करायला सांगेन, त्याचे पैसे परत कसे जातात आणि साठा पुन्हा एकाने वाढतो का ते तपास. पार्सल बांधताना दादाला जवळ बसव, वजन त्यालाच करू दे.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. आजीच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
आत्या