विवाहापूर्वीचा एक दाखला : आनुवंशशास्त्र आणि ख्रिस्ती नीतिविचार

गतवर्षी रक्तसंक्रमण कक्षाच्या साहाय्यार्थ देणगीदारांस पाठवावयाच्या पत्राचा मसुदा मी तयार केला होता. थॅलेसेमियाग्रस्त एका बालकाचा जन्म टळल्यास संस्थेचा किती खर्च वाचतो, असे एक वाक्य त्यात होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्चाच्या सवयीमुळे त्यात मला काही वावगे वाटले नाही. मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त देण्यासाठी आणणाऱ्या एक माता सवलतीच्या अर्जावर सही घेण्यास आल्या असता तो कागद त्यांच्या दृष्टीस पडला. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, म्हणजे आमचा मुलगा तुमच्या तोट्याच्या बाजूला आहे का?" ते वाक्य मी तत्काळ खोडले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही, आणि त्यापायी जे वाचन घडले ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. बीटा थॅलेसेमियाचा दोष एकाच पालकाकडून आलेली व्यक्ती निरोगी असते. तिला वाहक म्हणतात. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्याला गंभीर आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा बालकास जन्मभर रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी निराळे औषध घ्यावे लागते.

या रोगाचा सर्वांत बोलका इतिहास सायप्रस या भूमध्य समुद्रातील बेटाचा आहे. वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असल्याने हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. सायप्रसमध्ये दर सहा-सात माणसांत एक वाहक आहे. हिशेब सोपा आहे : सुमारे छत्तीस ते एकोणपन्नास विवाहांत एक जोडपे दुहेरी वाहक, आणि त्यांच्या अपत्यांत चारांत एक रुग्ण. म्हणजे जन्मणाऱ्या दीडशे ते दोनशे बालकांमागे एक. १९७० च्या दशकात उपचार सुधारले, मुले जगू लागली, आणि नेमक्या त्याच कारणाने रक्ताची व औषधांची गरज दरवर्षी वाढत चालली. उपचार जितका यशस्वी तितका भार मोठा, असा तो विलक्षण ताळेबंद होता. छोट्या देशाला तो पेलणे अशक्य दिसू लागले.

तेथील ग्रीक भाषक समाज ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे, आणि त्या काळी त्यांचे विवाह चर्चमध्येच होत. १९८३ पासून सायप्रसच्या चर्चने विवाहाच्या परवानगीसाठी एक वैद्यकीय दाखला आवश्यक केला. या दाखल्याची रचना मला फार महत्त्वाची वाटते. वधू-वरांची तपासणी झाली व त्यांना योग्य सल्ला मिळाला, एवढेच त्यावर लिहिलेले असते. कोण वाहक आहे, कोण नाही, याचा त्यावर उल्लेख नसतो. धर्मगुरूंना निष्कर्ष कळत नाही आणि दोघेही वाहक असले तरी विवाह नाकारला जात नाही. ज्ञान सक्तीचे, निर्णय मात्र त्या दोघांचा.

पुढे जे घडले ते चर्चला अभिप्रेत नसावे. वाहक असल्याचे कळल्यावर फार थोडी जोडपी विभक्त झाली. बहुतेकांनी विवाह केला, गर्भाची तपासणी करून घेतली, आणि गर्भ रोगग्रस्त आढळल्यास अनेकांनी गर्भपाताचा मार्ग पत्करला. नव्या रुग्णांचे जन्म जवळजवळ थांबले. गर्भपात मात्र ऑर्थोडॉक्स परंपरेत पाप मानला जातो. दाखला चर्चचा आणि त्यातून निघालेली वाट चर्चला अमान्य, ही विसंगती कोणी दांभिकपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्या माणसांना अंधारात ठेवणे हेही पापच, असा कौल त्या चर्चने दिला आणि त्याची किंमत मोजली. परंतु परिणामाची जबाबदारी संपूर्णपणे झटकता येते, असेही मी म्हणणार नाही.

रोमन कॅथलिक चर्चने १९८७ च्या 'डोनुम वीते' या आदेशपत्रात अधिक काटेकोर भूमिका घेतली : गर्भाच्या रक्षणासाठी वा उपचारासाठी तपासणी ग्राह्य, पण प्रतिकूल निष्कर्ष आल्यास गर्भपात करावयाचा या हेतूने केलेली तपासणी अग्राह्य. प्रॉटेस्टंट विचारवंतांत एकमत नव्हतेच. अमेरिकेतील मेथडिस्ट नीतितज्ज्ञ पॉल रॅम्झी यांना मानवाची 'निर्मिती' करू पाहणाऱ्या विज्ञानाची धास्ती होती. त्यांचे समकालीन, एपिस्कोपल धर्मगुरू राहिलेले जोसेफ फ्लेचर यांनी मात्र आनुवंशिक नियंत्रणाचा उघड पुरस्कार केला.

जनुकांतच दुरुस्ती करण्याचा प्रश्न आता प्रत्यक्षात आला आहे. २००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या कॅथलिक आदेशपत्राने रुग्णाच्या स्वतःच्या शरीरपेशींवरील जनुकोपचार तत्त्वतः मान्य केला, परंतु पुढील पिढ्यांत उतरणारा बदल त्या वेळच्या ज्ञानाच्या अवस्थेत अमान्य ठरविला. २०१८ मध्ये चीनमध्ये जनुकबदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे उघड झाले, तेव्हा या भेदाचे मर्म जगाला कळले. उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेला 'कॅसजेव्ही' हा सिकल सेल व थॅलेसेमियावरील उपचार पहिल्या प्रकारचा, म्हणून नीतिदृष्ट्या निर्वेध आहे. अडचण किमतीची : अमेरिकेत तो बावीस लाख डॉलरला जाहीर झाला. आमच्या कक्षातील कोणत्या कुटुंबाने त्याकडे पाहावे?

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. सिंधी, लोहाणा व कच्छी समाजांत थॅलेसेमियाचे, तर गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकल सेलचे वाहक बरेच आहेत. गर्भपरीक्षणाचा गैरवापर मुली नाकारण्यासाठी झाल्याने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा आपल्याच राज्याने केला, हेही आपण विसरू नये. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या दोन्ही रोगांच्या रुग्णांना दिव्यांग म्हणून हक्क दिले आहेत. वाहकांचा शोध आणि जन्मलेल्या रुग्णाची सेवा ही कामे संस्थेच्या हिशेबात स्वतंत्र शीर्षाखाली असावीत, एकाची बचत दुसऱ्यात दाखवू नये, असे मला या साऱ्या वाचनानंतर ठामपणे वाटते.

विवाहपूर्व तपासणीची सोय आपल्या रुग्णालयात सुरू करण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. दाखल्याचा नमुना मी सायप्रसच्या धर्तीवर केला आहे : दोघांची नावे, तपासणीची तारीख, समुपदेशकाची सही. निष्कर्षाचा रकाना त्यावर ठेवलेला नाही. निष्कर्ष बंद पाकिटात ज्याचा त्याच्या हाती दिला जाईल. देणगीदारांच्या पत्रात आता त्या मातेच्या मुलाच्या उपचाराचा वार्षिक खर्च तेवढा लिहिला आहे.