धाकट्यांना घेऊन समुद्रापार

(सातारा, सांगली, मिरज, कराड या भागांतील अनेक कुटुंबांतले कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला असते. घरची मंडळी लहान मुलांना घेऊन त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला जातात. त्या प्रवासाची तयारी कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मित्रांनो, समजा, तुमचे अब्बा दुबईला किंवा मस्कतला काम करतात. एके दिवशी त्यांचा फोन येतो, "यंदा सुट्टीत सगळेच इकडे या. दोन महिने माझ्याजवळ राहा." घरात आनंदीआनंद होतो. दादी लाडू वळायच्या गोष्टी करू लागतात. पाच वर्षांचा भाऊ विमान विमान म्हणून अंगणात हात पसरून धावतो. दीड वर्षांच्या बहिणीला मात्र काहीच कळत नाही. आणि अम्मी तुमच्याकडे पाहून म्हणतात, "हे कागद जरा वाच बघू."

होय, कागद वाचण्याचे काम बहुधा तुमच्याकडेच येते. घरात मराठी आणि इंग्रजी वाचणारे तुम्हीच असता. म्हणून हा पाठ तुमच्यासाठी आहे.

सर्वांत आधी पासपोर्ट. मराठीत त्याला पारपत्र म्हणतात. पूर्वी आईच्या पासपोर्टवरच मुलांची नावे लिहिली जात. आता तसे चालत नाही. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाचच वर्षे चालतो, कारण मुलांचा चेहरा लवकर बदलतो. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतात. मुलाच्या अर्जाला आई आणि वडील या दोघांचीही संमती लागते. अब्बा परदेशात असतील, तर त्यांची सही कशी मिळवायची हे आधीच विचारून ठेवा. पासपोर्ट जवळ असला, तरी त्याची मुदत पाहा. प्रवासाच्या दिवशी तो अजून निदान सहा महिने चालणारा असावा, असा बहुतेक देशांचा आग्रह असतो.

पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा तोच एक पुरावा मानला जातो. हा दाखला ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिका देते. त्यावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत नाव असते. येथेच खरी गंमत होते. एकच नाव मराठीत कोणी 'मोहम्मद' लिहितो, कोणी 'मुहम्मद', कोणी 'महंमद'. कोणी 'शेख' लिहितो, कोणी 'शैख'. इंग्रजीत तर एकाच नावाची पाच रूपे होतात. घरात हाक मारताना फरक पडत नाही. पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटतात. दाखल्यावर, आधार कार्डावर आणि अर्जावर नावाचे प्रत्येक अक्षर जुळते का, हे बोट ठेवून तपासा. काही दाखल्यांवर बाळाचे नावच नसते, नुसते 'मुलगी' किंवा 'मुलगा' असते. नाव ठेवण्याआधी नोंद झाली, की असे होते. मग आधी नाव घालून घ्यावे लागते.

आडनावही विसरू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एक नियम केला. पासपोर्टवर नुसते एकच नाव असेल, तर भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही! पुढे दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास चालेल, अशी सवलत मिळाली. तरीही बाळाच्या अर्जात नाव आणि आडनाव दोन्ही भरणे हेच बरे.

तिकिटाचाही एक हिशेब आहे. दोन वर्षांखालचे मूल आईच्या मांडीवर बसून जाते, त्याचे भाडे कमी असते. पण जाताना एक वर्ष अकरा महिन्यांचे असलेले मूल येताना दोन वर्षांचे होते. मग परतीच्या प्रवासात त्याला वेगळी जागा घ्यावीच लागते. बहिणीचा वाढदिवस केव्हा येतो, ते तिकीट काढतानाच सांगा.

आता सामान. आपल्याकडे बाळंतिणीला आणि परगावच्या लेकराला डिंकाचे लाडू पाठवायची रीत आहे. त्यांत खसखस असते. घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही पुष्कळदा खसखस भाजून घालतात. ही खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया यांसारख्या देशांत तिला अमली पदार्थांच्या कायद्यात धरतात आणि ती जवळ सापडली तर तुरुंगात जावे लागू शकते. दादींना वाईट वाटेल. पण त्यांना हे समजावून सांगण्याचे काम तुम्हीच करा. लाडू खसखशीवाचूनही छान होतात! खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, त्यावरही तेथे बंधने आहेत. म्हणून औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. शेजाऱ्यांनी "एवढे माझ्या मुलाला द्या" म्हणून बांधलेले पुडके दिले, तर ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. संकोच वाटला तरी चालेल.

घरापासून विमानापर्यंतचा प्रवासही लांबचा. मिरज, सांगली, कराड किंवा सातारा येथून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठता येते. गाडीने रस्त्याने गेलात, तर घाटात लहान मुलांना मळमळू शकते. निघताना त्यांचे पोट गच्च भरू नका. विमान खाली उतरू लागले, की कानावरचा हवेचा दाब बदलतो. मोठी माणसे आवंढा गिळतात आणि कान मोकळे होतात. बाळाला ते जमत नाही, म्हणून ते किंचाळते. त्या वेळी त्याला दूध पाजावे किंवा पाणी प्यायला द्यावे. गिळण्याच्या क्रियेने त्याचेही कान मोकळे होतात. बाळाचे दूध आणि खाणे जवळच्या पिशवीत नेता येते.

दुबई आणि मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, रियाध आणि कुवेतचे अडीच तास. इथे सहाला उठणारे बाळ दुबईत साडेचारला उठून खेळायला मागते! चारपाच दिवसांत ते रुळते. उन्हाळ्यात तेथे ऊन इतके कडक असते, की दुपारी मुलांना बाहेर नेऊ नये. अमिरातीत मोटारीत चार वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांच्यासाठीच्या खास खुर्चीत बसवावे लागते.

व्हिसा किती दिवसांचा आहे, ते पाहून परतीची तारीख ठरवा. मुदत संपल्यावर राहिले, तर दंड पडतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. तोपर्यंत येणे होणार नसेल, तर मुख्याध्यापकांना आधी अर्ज द्या.

ठरवलेली तारीख कधीकधी पाळता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत बायका-मुलेही होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे विमाने बंद झाली आणि पाहुणे म्हणून गेलेली कुटुंबे तिकडेच अडकली. मे महिन्यात सरकारने खास विमाने सुरू केली, तेव्हा त्यांची परतीची वाट मोकळी झाली. म्हणून सर्व कागदांच्या दोन प्रती काढा. एक जवळ ठेवा, एक घरी दादांकडे द्या. बाळाचे रोजचे औषध असेल, तर ते थोडे जास्त घ्या. लसीकरणाचे कार्डही बरोबर न्या.

आता शेवटची गोष्ट. कोणत्याही अर्जात ती विचारत नाहीत. तुमची धाकटी बहीण अब्बांना फक्त मोबाइलच्या पडद्यावर ओळखते. विमानतळावर ते हात पुढे करतील आणि ती रडून अम्मीच्या ओढणीत तोंड लपवील. अब्बांचा चेहरा उतरेल. त्या वेळी तिला ओढून त्यांच्या कडेवर देऊ नका. अब्बांना सांगा, की घरी गेल्यावर नुसते तिच्याजवळ जमिनीवर बसा. दोन-तीन दिवसांत ती आपणहून त्यांच्या चपला ओढत आणील. आणि दोन महिन्यांनी निघताना पुन्हा रडेल, तेव्हा ती अब्बांना सोडायला तयार नसेल.

शब्दार्थ
कक्षा – हद्द, इलाका
संमती – मान्यता, रजामंदी
वेष्टन – वरचे आवरण
बाळंतीण – नुकतेच मूल झालेली स्त्री
आवंढा गिळणे – तोंडातली थुंकी गिळणे
रुळणे – सवय होणे

स्वाध्याय
१. जन्माच्या दाखल्यावरील नाव अक्षर न् अक्षर का तपासावे?
२. दादींना खसखशीविषयी तुम्ही काय सांगाल? चार वाक्ये लिहा.
३. विमान उतरताना बाळ का रडते?
४. वीस दिवसांची रजा मागणारा अर्ज मुख्याध्यापकांना लिहा.
५. तुमचे नाव मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत लिहा. घरातील कागदांवर ते तसेच आहे का, ते पाहा.