फ्रिजचं दार न कापता

‘मॅडम, प्लास्टिकमध्ये काय ठेवलंय? त्यावर तर बंदी आलीय ना!’ दहावीचा निकाल लागला आणि मी प्लास्टिकचा कोर्स सुचवला की हा प्रश्न येतोच. पालकांनो, बंदीचा रोख एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर आहे. तुमच्या फ्रिजच्या दारात, गादीत, हेल्मेटमध्ये भरलेला फोम कुठे जात नाही. आणि तो नीट भरलाय का, हे वस्तू न फोडता सांगणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. अशा तपासणीला एनडीटी (नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग) म्हणतात.

रांजणगाव, शिरवळला फ्रिज बनतात. दाराचा पत्रा आणि आतलं प्लास्टिक यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचं रसायन सोडलं की ते उतू जाणाऱ्या दुधासारखं फुगतं आणि घट्ट होतं. हवा अडकली तर पोकळी राहते. दार कापून बघावं, तर ते भंगारात जातं आणि बाकीच्या दारांचं काहीच कळत नाही. पण फुगताना रसायन तापतं. त्यामुळे थर्मल कॅमेऱ्यात भरलेला भाग गरम दिसतो, पोकळी थंड डागासारखी उठून दिसते. वेळ मात्र साधावी लागते; दार निवलं की डागही पुसट होतो.

लोखंडाच्या वेल्डिंगला लावतात तसं अल्ट्रासाउंड इथे चालत नाही. फोम म्हणजे बहुतेक हवाच. घनमीटरभर पाणी 1000 किलो, तर फ्रिजमधला फोम जेमतेम 30-40. बुडबुड्यांत ध्वनिलहर विरून जाते. मग फोम तपासायचा कसा? हा प्रश्न नासालाही पडला. 1 फेब्रुवारी 2003 ला नासाचं कोलंबिया अवकाशयान कोसळलं, कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. त्यानंतर नासाने तो फोम तपासायला टेराहर्ट्झ लहरी आणि आदळून परत फिरणारे (बॅकस्कॅटर) एक्स-रे वापरले. भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलाला इथे खरंच डोकं लावायला मिळतं.

छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या प्लास्टिक शिक्षणसंस्थेत दहावीनंतर तीन वर्षांचा प्लास्टिक टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करता येतो. बीएस्सीनंतर प्रोसेसिंग आणि टेस्टिंगचा पीजी डिप्लोमाही सिपेट शिकवते. पुढे एनडीटीची लेव्हल 1 आणि 2 ची प्रमाणपत्रं घेता येतात. पहिली नोकरी बहुधा धातूच्या वेल्ड तपासण्याचीच मिळेल, तीही घ्यावी; हात तिथेच बसतो.

एकच कळकळीची विनंती. पंधरा दिवसांच्या ‘हमखास नोकरी’ कोर्ससाठी कर्ज काढू नका. एनडीटीच्या आयएसओ 9712 प्रमाणपत्राला प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, तो वर्गात बसून मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी ओळखीने एखाद्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा क्वालिटी विभाग मुलाला दिवसभर दाखवा, आणि संध्याकाळी त्यालाच विचारा.