वादळामागे धावणाऱ्या गाडीचं चिलखत

एप्रिल-मे आला की टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या भागांतल्या रस्त्यांवर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. सुपरसेल नावाच्या अजस्र ढगांच्या मागावर संशोधक, छायाचित्रकार आणि हौशी मंडळी गाड्या घेऊन निघतात. यांना 'स्टॉर्म चेझर' म्हणतात. यातल्या काही गाड्यांच्या समोरच्या काचेपुढे पोलादी जाळीची चौकट दिसते. ही जाळी कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवू शकत नाही, ते आज पाहू.

गारेचा मार किती?

पडणाऱ्या गारेवर हवेचा विरोध वाढत जातो आणि तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. ढोबळ हिशेब असा: गारेचा व्यास दुप्पट झाला तर वस्तुमान ८ पट होतं आणि हा अंतिम वेग सुमारे १.४ पट. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती ८ × २, म्हणजे १६ पट होते! म्हणून बोराएवढ्या गारेने टपावर नुसता आवाज होतो, पण लिंबाहून मोठी गार काच फोडू शकते.

क्रिकेटच्या चेंडूएवढी, ७ सेंमी व्यासाची गार घ्या. तिचं वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चेंडूइतकंच. ती ताशी १०० किमीच्या आसपास वेगाने आदळली तर ऊर्जा सुमारे ६० ज्यूल. आता गाडीही ताशी १०० किमीने धावत असेल तर? गार वरून येतेय, गाडी आडवी जातेय. पायथागोरसच्या नियमाने सापेक्ष वेग होतो ताशी १४० किमी आणि ऊर्जा दुप्पट. मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू एकदम तेज गोलंदाजाचा झाला! म्हणजे वेग कमी करणं हे फुकटात मिळणारं पहिलं चिलखत.

काच आणि जाळी

गाडीची समोरची काच लॅमिनेटेड असते: दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. ती तडकली तरी सहसा जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात. त्या फुटल्या की बारीक तुकडे होऊन गळून पडतात आणि गारा थेट आत येतात.

जाळी गारेला काचेपर्यंत पोहोचू देत नाही. तिची भोकं धोकादायक गारांपेक्षा लहान हवीत, आणि जाळी काचेपासून काही सेंटिमीटर दूर हवी. कारण गार आदळली की जाळी आत वाकते. समजा, ६० ज्यूलची गार २ मिमी अंतरात थांबली तर सरासरी बल ३०,००० न्यूटन. तीच २ सेंमी अंतरात थांबली तर ३,००० न्यूटन. झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्यातलंच हे तत्त्व. जाळी काचेला टेकलेली असेल तर हा फायदा मिळतच नाही.

उडत्या वस्तूंचं गणित वेगळं

टोर्नेडो लाकडी वासे, पत्रे, झाडांच्या फांद्या आडव्या फेकतो. टोर्नेडोपासून बचावाच्या निवाऱ्यांची भिंत तपासताना सुमारे ६.८ किलोचा वासा हवेच्या तोफेतून ताशी १६० किमी वेगाने तिच्यावर मारतात. त्याची ऊर्जा सुमारे ६,८०० ज्यूल, म्हणजे आपल्या गारेच्या शंभरपटीहून जास्त. तिथे जाळीचा पाड लागत नाही.

शॉन केसी यांची 'टीआयव्ही-२' किंवा रीड टिमर यांची 'डॉमिनेटर' या गाड्या अशा माऱ्यासाठीच बांधल्या. त्यांना चिलखती पत्रा, पॉलिकार्बोनेटच्या जाड खिडक्या, आणि खालून वारा शिरून गाडी उचलली जाऊ नये म्हणून जमिनीपर्यंत उतरणारी व्यवस्था आहे. बाजारातल्या साध्या गाडीत यातलं काहीच नसतं.

खरा धोका असा, की मोठ्या गारा बहुतेकदा सुपरसेलमध्ये टोर्नेडोच्या उत्तरेकडच्या भागात पडतात. जाळी आहे म्हणून त्या गारा-पावसातून दक्षिणेकडे गाडी घातली, तर पडद्याआड असलेला टोर्नेडो अचानक समोर येऊ शकतो. म्हणून जाणकार शक्यतो आग्नेयेकडून जातात आणि पळायचा रस्ता मोकळा ठेवतात.

आणि तेही पुरेसं ठरेलच असं नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळचा टोर्नेडो झपाट्याने फुगून ४.२ किमी रुंद झाला आणि त्याने दिशा बदलली. त्यात अनुभवी आणि सावध संशोधक म्हणून ओळखले जाणारे टिम सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा मृत्यू झाला. चेझर म्हणून त्यांच्या गाठीशी कितीतरी वर्षं होती. कमी पडलं ते अंतर.

आपण गारपिटीत सापडलो तर

- वेग कमी करा आणि सुरक्षित जागी रस्त्याच्या बाहेर थांबा.
- जमल्यास गाडीचं तोंड गारा येतील त्या दिशेला करा, म्हणजे मार लॅमिनेटेड काचेवर येईल.
- खिडक्यांकडे पाठ करा, डोळे आणि डोकं जॅकेटने झाका. बाहेर पडू नका.
- पुलाखाली रस्ता अडवून थांबू नका. टोर्नेडोत तर पूल हा निवारा नव्हेच. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टोर्नेडोंत पुलांखाली आसरा घेतलेल्यांचे बळी गेले आहेत.
- टोर्नेडोचा इशारा असेल तर गाडीच्या भरवशावर न राहता जवळची पक्की इमारत गाठा.